धुतलेला आवाज

माझा आवाज तुम्ही बहुतेक ऐकलेला आहे. तोंड पाहिलेलं नसणार, नाव ठाऊक असायचं काही कारण नाही. पण टीव्हीवर एखाद्या किल्ल्याचा माहितीपट लागलाय, पडद्यावर तटबंदी आणि ढग दिसतायत, आणि मागून एक माणूस भारदस्तपणे सांगतोय की या दगडांनी काय काय सोसलं, तो माणूस म्हणजे मी. म्हणजे होतो. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, गळ्याला खाली एक भोक ठेवलं आणि घरी पाठवलं. श्वास आता तिथून घेतो. बोलणं संपलं.

म्हणून हे लिहून राह्यलो. पाहा, "लिहून राह्यलो" असं लिहिलं आणि हात लगेच अडखळला, खोडून "लिहितो आहे" करू का असं झालं. आयुष्यभर बोललो तसंच बोटांना वळण लागलंय. जीभ पुण्याला गेली ती गेली, मागोमाग बोटंही गेली. त्यामुळे पुढचं सगळं असंच, शाळेच्या इन्स्पेक्टरसमोर उभं राहिल्यासारखं लिहिलं जाणार आहे. माझा इलाज नाही.

आमचं गाव वऱ्हाडात, अमडापूरच्या जवळ, घाटावर. माय मी रांगत होतो तेव्हाच गेली. मला वाढवलं मोठ्या बहिणीनं. तिला मी बाई म्हणतो, आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. मला सांभाळायला घरात कोणी नव्हतं म्हणून तिला शाळेतून काढलं, ते नुकती बाराखडी सुरू झाली होती तेव्हाच. त्यामुळे बाईला वाचता येत नाही. सही करते, पण ते चित्र काढल्यासारखं, सावकाश, ओठ आवळून.

मी शाळेतून आलो की ती भाकरी थापता थापता विचारायची, आज काय शिकवलं. मी सांगायचो, अमक्या राजानं तमका किल्ला बांधला. ती म्हणायची, "काऊन?" म्हणजे का बरं. मी म्हणायचो, पुस्तकात नाही दिलेलं. "मंग मास्तरले इचार." मास्तरांना विचारलं की मास्तर कान पिळायचे. मी घरी येऊन सांगायचो की मास्तर म्हणतात गप बस. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणायची, "म्हंजे त्यायलेबी मालूम नाही."

मी पुढे इतिहासात गेलो तो या "काऊन"पायी. शिष्यवृत्ती, गुरुजनांची प्रेरणा वगैरे मी भाषणांत सांगत असे, ते सगळं बाता मारणं होतं. खरं कारण एवढंच की घरी एक मुलगी चुलीपाशी बसलेली असायची आणि तिला उत्तर द्यायचं असायचं.

चिखलीला एका शाळेत इतिहास शिकवायला लागलो. गणपतीत, जयंत्यांना, गावोगावच्या व्याख्यानमालांना बोलावू लागले. माईक असायचा माझ्या वर्गमित्राचा. गावातच त्याच्या वडिलांचं भोंगे आणि मांडव भाड्यानं देण्याचं दुकान होतं, पुढे त्यानं ते चालवलं. साऱ्या तालुक्याची लग्नं, उरूस, कीर्तनं, निवडणुका त्याच्या भोंग्यावर झाल्या. मी बोलायला उभा राहिलो की तो माईकची मान वाकवत पुटपुटायचा, "लंबा मत खींच बे, लोकायले जेवाले जायचं हाय." मग तासभर मी खेचायचो आणि तो मशीनजवळ बसून हसायचा. तेव्हा मी आमच्याच बोलीत बोलत होतो आणि लोकांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. बाई पहिल्या रांगेत बायकांत बसायची. तिला सगळं समजायचं. घरी गेल्यावर भांडायचीसुद्धा, अमुक राजा एवढा शहाणा होता तर किल्ल्यावर पाणी का नव्हतं म्हणून.

मी गावच्या, तालुक्याच्या इतिहासावर पुस्तिका लिहिल्या. बाईनं त्या सगळ्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली, डांबरगोळ्या टाकून ठेवल्या. कसर लागू नये म्हणून. मी लिहिलेल्याचा तिला उपयोग तेवढाच. तिच्यापर्यंत माझं काही पोचायचं ते फक्त आवाजानं, आणि हे तिला ठाऊक होतं, मलाही.

असंच एकदा पुण्याची काही मंडळी आमच्या भागात चित्रीकरणाला आली होती. व्याख्यान ऐकलं आणि मला स्टुडिओत बोलावलं. काचेपलीकडे बसलेल्या माणसानं मला एक पान वाचायला लावलं. वाचून झाल्यावर त्यानं कानावरचे हेडफोन काढले. मग म्हणाला, "आवाज सोन्यासारखा आहे हो. पण शब्द धुवून घ्यावे लागतील." मला वाटलं कौतुक करतोय. होतंही कौतुकच. मग एक शिक्षिका नेमल्या, त्यांनी माझ्या दातांत बूच देऊन माझ्याकडून "पाणी, लोणी, कोण, कण" घोटून घेतलं. "भरते" नाही, "भरतो". "मले" तर नाहीच. "काऊन" ऐकून त्या मनापासून हसल्या होत्या, "किती गोड", असंही म्हणाल्या होत्या. गोड! बाईच्या तोंडून तो शब्द कधी गोड म्हणून आला नव्हता. तो चिमट्यासारखा यायचा.

मी धुऊन निघालो. राग कुणावर धरू? त्या लोकांनी मला काम दिलं, नाव दिलं, सन्मानानं वागवलं. एसटी स्टँडवर चहा मागितला तर चहावाला कान टवकारायचा, लग्नात गेलो की नवरदेवाचा मामा माईक हातात द्यायचा आणि म्हणायचा, "सर, ते किल्ल्यावालं जरा म्हणून दाखवा ना." मी म्हणून दाखवायचो. वरातीत उभा राहून तटबंदीवर बोलायचो. कपाळ माझं.

पहिला माहितीपट लागला तेव्हा बाईनं शेजारपाजारच्या बायका घरात गोळा केल्या. सगळ्या चूप बसून ऐकत होत्या. संपल्यावर बाई म्हणाली, "लय चांगलं बोलला तो मानूस."

मी म्हणालो, "बाई, तो मीच होतो ना."

"हो, मालूम हाय मले. पन काय म्हनला तो?"

मला वाटलं थट्टा करते. नव्हती करत. "तथापि" आणि "किंबहुना" आणि "पश्चात" यांच्या जंजाळात तिला काही म्हणजे काही समजलं नव्हतं. समजलं नाही याचं तिला वाईटही वाटलं नव्हतं. उलट आनंदच होता तिला, जे आपल्याला समजत नाही ते आपला भाऊ बोलतो. मला मात्र ते लागलं. मी तिथल्या तिथं कबूल केलं, "एक सिनेमा आपल्या बोलीत करतो. तुह्यासाठी. त्यात एकबी शब्द तुले अडनार नाही." ती "कर बापा" म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

त्यानंतर मी जिथं जिथं काम केलं तिथं हा विषय काढला. सगळीकडे एकच प्रश्न, "वऱ्हाडी? म्हणजे विनोदी करायचंय का?" मी म्हणायचो नाही, गंभीर. समोरचा माणूस मग चमत्कारिक चेहरा करायचा, मी त्याला रडताना नाचायला सांगितल्यासारखा. वर्षं अशी गेली. मधल्या काळात माझा धंदाही बदलला. सुलतानपूरला एका व्याख्यानात मी साधा बाजाराचा, शेतीचा, पाण्याचा इतिहास सांगत होतो, तर मागून एकजण उठून म्हणाला, "सर, शत्रू कोण होता ते सांगा, बाकीचं सोडा." टाळ्या पडल्या. मी त्या दिवशी खूप बोललो, चिडून बोललो, आणि नंतर त्या गावानं मला परत बोलावलं नाही. हळूहळू इतरांनीही. आता मोबाईलवर पोरं ढोल लावून इतिहास सांगतात, दर वाक्याला तलवार काढतात. लोकांना तेच आवडतं. मी हात टेकले. माझ्यापाशी एवढं एकच काम उरलं होतं, बाईचा सिनेमा.

आणि मग घसा बसला. सर्दी म्हणून सोडून दिलं, काढे प्यायलो. शेवटी अकोल्याला दाखवलं. डॉक्टर सभ्य माणूस, माझे माहितीपट पाहिलेला. त्यानं तपासलं, खुर्ची ओढून जवळ बसला आणि म्हणाला, स्वरयंत्र काढावं लागेल, दुसरा मार्ग शोधण्यात अर्थ नाही. थोडे दिवस द्या म्हणालो. त्यानं थोडे दिले.

पुण्याच्या मॅडमना कळवलं. मॅडम म्हणजे मी शेवटी शेवटी ज्यांच्यासाठी काम करत होतो त्या कंपनीच्या निर्मात्या. स्वभावानं चांगली, वयानं लहान, मला फार मानायची. ती फोनवर रडली. मग सावरून म्हणाली, "सर, आवाज जाऊ देणार नाही आपण. तुमचं इतकं रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे. संगणकाला तुमचा आवाज शिकवता येतो. तुम्ही नसलात तरी तुमचा आवाज बोलत राहील." मी नसलो तरी! मी म्हटलं, अहो, मी असणार आहे, फक्त मुका असणार आहे. ती पुन्हा रडली.

मी अट घातली. काय शिकवायचं ते शिकवा, पण त्याआधी एक माहितीपट माझ्या बोलीत, माझ्या आवाजात. मी गावात रेकॉर्ड करून पाठवतो, चित्रं तुम्ही लावा. ती लगेच हो म्हणाली. मनापासून म्हणाली असणार, मला आजही तिच्यावर संशय नाही.

विषय ठरलेला होता. आमच्या गावचा बाजार भरतो गावाबाहेर बरडावर, म्हणजे मुरमाड उजाड जागेवर, जिथं झाड नाही की पाण्याचा थेंब नाही. नदी दुसऱ्या अंगाला, चांगली सावलीही तिकडंच. तरी पिढ्यान् पिढ्या बाजार बरडावरच. याचं कारण मी शोधलं होतं. कागदोपत्री पुरावा नाही, पण जुन्या माणसांच्या तोंडून, रस्त्यांच्या वळणांवरून माझा अंदाज पक्का झाला होता, आणि सगळ्या आयुष्यात मला स्वतःचा असा हा एकच शोध लागला होता. बाकी मी दुसऱ्यांचं लिहिलेलं छान वाचून दाखवलं.

मित्राच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो. आवाज घुमू नये म्हणून त्यानं भिंतींना मांडवाच्या कनाती आणि गाद्या लावल्या होत्या. माईक समोर आला. मी पहिलं वाक्य म्हणालो, "आपला बाजार बरडावर काऊन भरते?"

मित्रानं मान हलवली. "फिरसे."

मी पुन्हा म्हणालो. पुन्हा. शेवटी त्यानं मशीन बंद केली आणि सरळ तोंडावर म्हणाला, "बुरा मत मान, पन तू नाटकातल्या नोकरावानी बोलून राह्यला."

तिडीक गेली डोक्यात. पण ऐकलं तर खरंच तसं होतं. शब्द आमचे, सूर पुण्याचा. प्रत्येक "काऊन" मी अवतरणचिन्हांत टाकल्यासारखा म्हणत होतो, किती गोड असं स्वतःच स्वतःला म्हणत. घरी, रस्त्यावर, मित्राला शिव्या देताना माझी जीभ वऱ्हाडीच होती, पण माईक समोर आला की ती इन करून, भांग पाडून उभी राहायची. दुपारपर्यंत घासत बसलो. बसका घसा आणखी बसला. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. तेव्हा मला खरोखर वाटलं की आपल्याला दुसरा आजार आधीच होता आणि तो कुणी तपासलाच नाही.

तेवढ्यात बाई डबा घेऊन आली. बाजाराचा दिवस होता, ती बाजार करून तशीच आली होती. घामाघूम. पिशवी आपटत म्हणाली, "एवढ्या उन्हात त्या बरडावर बाजार भरवते. सावली नाही का पानी नाही. कोन्या येड्यानं ठरोलं होतं बापा हे?"

मी म्हणालो, "येड्यानं नाही ठरोलं, बाई. शहान्यानं ठरोलं."

"काऊन?"

आणि मी सांगत सुटलो. "लोणारहून बैलायच्या पाठीवर खार यायचा. तू पापडात टाकतं नं, तसला खार. पोतं गळते. पान्यात पडला तं पानी नासते, वावरात पडला तं पीक जाते. म्हनून गावानं त्या लोकायले सांगतलं, तुमी बरडावर उतरा, तिथं नाही तरी काही उगोत नाही. ते तिथं उतरले, मंग लोक तिथंच घ्याले जाऊ लागले. झाला बाजार."

"बैलायले पानी कुठं पाजत मंग?"

"पोतं उतरोलं का नदीवर नेत."

"उलटे पाय कायले? इकडून नदी, तिकडून बरड."

"तेच तं सांगून राह्यलो ना तुले!" मी ओरडलो. घसा चिरकला. ती म्हणाली, ओरडू नको, पाणी पी. पाणी दिलं. मग पुन्हा सुरू. ती विचारत गेली, मी भांडत गेलो. खार कशाला लागायचा, बैलवाले कोणत्या जातीचे, त्यांच्या बायका सोबत असायच्या का, असल्या तर स्वयंपाकाला पाणी कुठून आणायच्या. शेवटी ती म्हणाली, "पन आता तं खार येत नाही."

"नाही येत."

"मंग आता काऊन भरते तिथं?"

मी म्हटलं, सवय. दुसरं काय.

डब्याचं झाकण काढता काढता ती सहज म्हणाली, "म्हंजे सारं गाव अजूनबी त्या बैलायचीच वाट पाहून राह्यलं."

माझ्या सगळ्या माहितीपटांत मिळून असं एक वाक्य नाही.  पलीकडे मित्र अंगठा वर करून बसला होता. त्यानं मशीन चालूच ठेवली होती, आम्ही भांडायला लागलो तेव्हापासून. बाईला काही ठाऊक नव्हतं. ती म्हणत होती, भाकरी गार होते, जेवा.

ती गेल्यावर आम्ही दोघांनी ऐकलं. माझा आवाज फाटका होता, मधे मधे खोकला होता, बाहेरून भोंग्याच्या रिक्षाचा आवाज येत होता, पण तो मी होतो. बाईही होती. मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं, तो म्हणाला, "बस. हाच देऊ." त्यानं तिथल्या तिथं पुण्याला पाठवलं. मी मॅडमना फोन केला, सांगितलं, यातलं काही कापू नका, बाईचं तर मुळीच नाही. ती म्हणाली, "सर, किती अस्सल आहे हे." माझा जीव भांड्यात पडला. दवाखान्यात भरती व्हायला मी जवळजवळ खुशीत गेलो.

मागे गावात काय झालं ते मला नंतर समजलं. मित्राला राहवलं नाही. बाई दुकानावरून जात होती, त्यानं हाक मारून बसवलं आणि तिला ते ऐकवलं. त्याला वाटलं ती खूश होईल. बाई थोडं ऐकून उभी राहिली. म्हणाली, "हे बंद कर." मग म्हणाली, "हे लोकायले दाखोनार हाय तुमी? हा आजारी आवाज? अन् माहं हे येड्यावानी काऊन काऊन? लोक हासतीन रे त्याले. एवढा मोठा मानूस अन् घरी असा बोलते म्हनतीन." मित्रानं समजावून पाहिलं. तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावून आन, म्हणजे शपथ, घातली, "माह्या गळ्याची आन हाय तुले, पुसून टाक."

आमच्याकडे आन घातली की विषय संपतो. मित्र मुसलमान, पण आनेपुढे हिंदू-मुसलमान काही नसतं. मित्र तिला लहानपणापासून बाईच म्हणत आलेला, तिच्या हातचं खाऊन वाढलेला, आणि त्यात भाऊ दवाखान्यात गळा कापून घेत असताना तिनं गळ्याचीच आन घातलेली. त्यानं तिच्यासमोर पुसलं. मला भेटायला आला तेव्हा खाली मान घालून त्यानं हे सांगितलं. मी रागावलो नाही. रागावता येईल असा आवाजही नव्हता. मी कागदावर लिहिलं, पुण्याला आहे ना, मग झालं तर.

पुण्याहून आलं ते मी दवाखान्यातून घरी आल्यावर. मॅडमनी मोबाईलवर पाठवलं. बरडाची विमानातून घेतल्यासारखी सुंदर चित्रं, मागे सनई, आणि माझा आवाज. खणखणीत, निरोगी, दहा माणसांना पुरेल असा. "हा बाजार येथे का भरतो? चला, शोध घेऊया." मी तो फोन कानापासून लांब धरला. "लोणार परिसरातून होणाऱ्या क्षारांच्या व्यापाराशी या प्रश्नाचं उत्तर निगडित आहे." माझा शोध होता, शब्द न् शब्द माझ्यावरून उचललेला होता, फक्त धुऊन. बाई कुठंच नव्हती. प्रश्न नव्हते, भांडण नव्हतं, बैलांची वाट पाहणारं गाव नव्हतं. त्या वाक्याच्या जागी सूर्यास्त होता.

खाली मॅडमचा निरोप होता. "सर, तुमचं रेकॉर्डिंग फार कच्चं होतं, त्रास जाणवत होता, लोकांना बघवलं नसतं. बोलीचा प्रयोग वरच्या मंडळींना पटेना. म्हणून तुमच्या मूळ आवाजात केलं. आवडलं ना?"

मूळ आवाजात. मी लिहून विचारलं, मी पाठवलेलं तरी परत द्या. दोन दिवसांनी उत्तर आलं, "सॉरी सर, काम झालं की कच्च्या फाईली काढून टाकतो आम्ही, जागा लागते." त्यापुढे हात जोडल्याचं चित्र.

आता मी बाईकडेच राहतो. शिकवलेली पोरंपोरी येतात, समोर बसतात, थोड्या वेळानं त्यांना काय बोलावं ते सुचत नाही आणि ती उठतात. मी सकाळी गळ्याची नळी साफ करतो, पेपर वाचतो, बाई कामात असते. ती दिवसभर बोलते. मी मान हलवतो, हो किंवा नाही. एवढ्यावर माणसाचं भागत नाही, हे तिलाही कळत असणार.

परवा दुपारी तिनं शेजारच्या बायकांना बोलावलं आणि फोन वाटीत उभा करून तो माहितीपट लावला. वाटीत ठेवला की आवाज मोठा येतो. मी बाजूला खाटेवर होतो. बायका पदर सावरून ऐकत होत्या. मी बाईच्या तोंडाकडे पाहत होतो. ती इतकी समाधानी होती की बस. तटबंदीचा आवाज तिच्या घरात, तिच्या गावाबद्दल बोलत होता. तिला समजत नव्हतं हे मला दिसत होतं, कारण समजत नसलं की ती हळूहळू मान डोलावते.

बायका गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "पाह्य, किती चांगलं झालं. मले लय भेव होतं, माहा आवाज येते का काय त्यात. नाही आला. बरं झालं."

मी पाटी घेतली. घरात खुणेनं भागलं नाही तर मी पाटीवर लिहितो, शेजारचं कुणी आलं तर वाचून सांगतं. तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, पण मला धीर धरवेना. मी लिहिलं, "बाई, मले तुहाच आवाज पायजे होता." आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या बोलीत काही लिहिलं, न अडखळता, न खोडता. आणि पाटी तिच्यापुढे धरली.

तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. अक्षरांवरून बोट फिरवलं. मला परत दिली आणि हसून म्हणाली, "बरं, वाच."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. मग तिलाही उमगलं.  घरात माझ्या नळीतल्या श्वासाचा तेवढा आवाज होता आणि तो तिला सोसेना. तिनं फोन पुन्हा वाटीत ठेवला आणि माझा आवाज लावला.